चष्म्याच्या दुकानात तुम्ही जे बोललात ते

(पत्र बरंच मोठं होतं, लिहिणारीला विचारून कमी केलंय.)

"ताई, माझं वय ५२. मिस्टर जाऊन सहा वर्षं झाली. चिरंजीव २६ चे, नोकरीला दुसऱ्या शहरात, रविवारी फोन करतात. एकटी राहायला लागल्यापासून मला रात्री टीव्ही चालू ठेवून झोपायची सवय लागली, बघत काही नाही, नुसता माणसांचा आवाज हवा असतो. दीड वर्षापूर्वी रात्री दोनच्या सुमाराला बेल वाजली. वरच्या मजल्यावर नवीन राहायला आलेला मुलगा, वय ३५, रात्रपाळीचं काम घरून करतो. म्हणाला, आवाज थोडा कमी करा एवढंच सांगायला आलोय, पण बंद नका करू हं, मलाही रात्रीची तेवढीच सोबत असते. तिथून सुरू झालं. आता आम्ही एकत्र आहोत त्याला चौदा महिने झाले. कुणालाच माहीत नाही. बाहेर जातो तेव्हा मी दोन पावलं पुढे चालते. गेल्या महिन्यात चष्म्याची फ्रेम घ्यायला गेलो, दुकानदार म्हणाला मुलाला विचारा की कशी दिसतेय, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, 'त्याला काय कळतंय त्यातलं!' वर हसले पण. तो काही बोलला नाही, दोन दिवस खाली आला नाही. परवा एक सिनेमा बघितला, दोन एकटी माणसं, वयात खूप अंतर, शेवटी बाई त्याच्या भल्यासाठी निघून जाते. मी ढसाढसा रडले, तो म्हणाला ह्यांना शेवटी वेगळंच का करतात नेहमी. ताई, हे प्रेम आहे का दोन एकटी माणसं एकमेकांना चिकटलीत फक्त? त्याला मूलबाळ हवं असेल तर मीच बाजूला व्हावं का? आणि चिरंजीवांना कसं सांगू? – खालच्या मजल्यावरची"

अहो खालच्या मजल्यावरच्या बाई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळेला त्या चष्म्याच्या दुकानातच अडकले. तुमचे तीन प्रश्न आहेत, पण मला विचाराल तर तुमच्या खऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही तिथेच देऊन आलात, फक्त ते तुमच्या लक्षात आलेलं नाही.

दुकानदाराचं सोडा, त्यानं आपला अंदाज बांधला. माणसं अंदाज बांधतातच, आणि १७ वर्षांचं अंतर असेल तर हाच बांधतात. तुम्ही नुसतं गप्प राहिला असतात तरी मी म्हटलं असतं ठीक आहे, अनोळखी माणसाला कशाला आपली कुंडली सांगत बसायची. पण तुम्ही गप्प नाही राहिलात, तुम्ही आईचा रोल घेतलात आणि डायलॉगही मारलात. आणि तो तिथे फ्रेम्सच्या कपाटासमोर उभा. त्याला वाईट कशाचं वाटलं असेल? मुलगा म्हटल्याचं? मला नाही तसं वाटत. त्यानं स्वतःहून हे नातं धरलंय, लोक काय समजतात हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत असणार. त्याला लागलं असेल ते "काय कळतंय" हे.

आता तुमचा दुसरा प्रश्न बघा. "त्याला मूलबाळ हवं असेल तर मीच बाजूला व्हावं का." असेल तर! चौदा महिने झाले आणि अजून "असेल"? तुम्ही त्याला विचारलेलंच नाहीये. त्याचं आयुष्य कशात वाया जाईल, त्याला दहा वर्षांनी कशाचा पश्चात्ताप होईल, त्याचं भलं कशात आहे, हे सगळं तुम्ही तुमच्या तुमच्या ठरवून टाकलंय आणि आता फक्त माझ्याकडून शिक्का मारून हवाय. म्हणजे दुकानात जे बोललात तेच पत्रात बोलताय, त्याला काय कळतंय त्यातलं. स्वतःच्या लेकाला चिरंजीव आणि ह्याला "वरच्या मजल्यावरचा मुलगा" असं तुम्हीच लिहिलंय, मी नाही. तो ३५ वर्षांचा बाप्या आहे हो. ३५ व्या वर्षी तुम्ही काय होतात आठवा, तुमच्या हिशोबाने तेव्हा तुमच्या पदरात नऊ वर्षांचं पोर होतं. तेव्हा कुणी म्हटलं असतं की हिला काय कळतंय, हिच्या भल्याचं आम्ही बघू, तर तुम्ही ऐकून घेतलं असतंत का?

वयाच्या अंतराची भीती सगळ्यांना ह्याची वाटते की मोठा माणूस लहानाला गुंडाळेल, पैशानं, अनुभवानं, नाहीतर गोड बोलून. ती भीती काही खोटी नाही, अशी उदाहरणं ढिगानं असतात. पण ह्याचाच एक सज्जन दिसणारा प्रकार असतो, त्याग. मोठ्या माणसानं परस्पर त्याग करून टाकायचा आणि लहान माणसाला नुसती बातमी द्यायची. त्यातही सत्ता मोठ्याचीच चालते, फक्त डोळ्यांत पाणी असतं. तुम्ही सिनेमा बघून रडलात ना, त्यातली ती बाई तेच करते. आणि त्यानं जे विचारलं, ह्यांना शेवटी वेगळंच का करतात, ते तुम्ही सिनेमाबद्दलचं समजलात. अहो तो तुमच्याशी बोलत होता!

बरं त्याच्या त्या प्रश्नाला माझ्याकडे एक उत्तर आहे. वेगळं करतात कारण लिहिणाऱ्याला पुढचं सहावं वर्ष लिहिता येत नाही. भेट लिहायला सोपी, विरह त्याहून सोपा. पण एकाच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे आणि दुसऱ्याला त्याच आठवड्यात नवीन नोकरीवर हजर व्हायचंय, ह्याच्यावर रोमँटिक ड्रामा कोण काढणार. आणि पडद्यावरच्या वयावर तर मुळीच विश्वास ठेवू नका. मोठ्या वयाची बाई आणि कोवळा पोरगा म्हटलं की लोक अजून १९६७ चा 'द ग्रॅज्युएट' काढतात, त्यातली बाई गोष्टीत त्या पोराच्या आईच्या वयाची, आणि प्रत्यक्षात ॲन बॅन्क्रॉफ्टचा जन्म १९३१ चा, डस्टिन हॉफमनचा १९३७ चा. सहा वर्षं! त्याच्या उलट साठीचा हिरो आणि तिशीची हिरॉइन असली की त्याला कुणी एज गॅपचा सिनेमा म्हणतसुद्धा नाही, तो नुसता सिनेमा असतो. तेव्हा तिथून शहाणपण घेऊ नका. रडायला ठीक आहे, मीही रडते.

आता तुमचा पहिला प्रश्न, प्रेम का एकटेपण. हा प्रश्न तुम्ही असा विचारलाय जसं की दोन्हीतलं एकच काहीतरी असतं. जगातली बरीचशी प्रेमं कुणीतरी एकटं होतं म्हणूनच सुरू झालीत, दार कुणी आनंदाच्या भरात उघडत नाही, रात्री दोन वाजता तर नाहीच. एकटेपणामुळे सुरू झालं ह्यात कमीपणा काही नाही. बघायचं ते हे की सुरू झाल्यावर त्या एकटेपणाचं काय झालं.

रॉबर्ट वाइस नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये एकटेपणावर पुस्तक काढलं, त्यात त्यानं एक फार कामाची गोष्ट सांगितलीय, की एकटेपण दोन जातींचं असतं. एक भावनिक, म्हणजे जवळचं हक्काचं असं एक माणूस नसणं. दुसरं सामाजिक, म्हणजे चार लोकांत आपली जागा नसणं, कुणी बोलवत नाही, आपण आलो नाही तर कुणाच्या लक्षात येत नाही. आणि मुद्दा असा की एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. ढीगभर मैत्रिणी असल्या तरी नवऱ्याची जागा रिकामी ती रिकामीच, आणि घरात जीव लावणारं माणूस असलं तरी बाहेरच्या चार लोकांची उणीव भरून निघत नाही. आता तुमचं बघा. त्यानं तुमचं पहिलं एकटेपण घालवलं, तुम्ही त्याचं. पण दुसऱ्याचं काय? कुणालाच माहीत नाही म्हणता. म्हणजे चौदा महिन्यांत तुम्हाला दोघांना मिळून एकसुद्धा मित्र नाही, कुठे जोडीनं बसणं नाही, भांडण झालं तर मन मोकळं करायला कुणी नाही, त्या दोन दिवसांत तो वर आणि तुम्ही खाली, नुसतं छताकडे बघत. हे मला सगळ्यात काळजीचं वाटतं, १७ पेक्षा कितीतरी जास्त. दोन एकटी माणसं एका खोलीत बसली की एकटेपण अर्धं होतं असं नाही, कधीकधी खोलीच तेवढी बंद होते.

(माझंच सांगते. घटस्फोटानंतर मी एकाबरोबर दोन वर्षं होते, माझ्यापेक्षा वर्षानं लहान, म्हणजे वयाची जोडी अगदी मापात, कुणी नाव ठेवायची सोय नव्हती. तो सोफ्याच्या त्या टोकाला मोबाईल घेऊन, मी ह्या टोकाला. दोघंही एकटेपणाला घाबरून बसलो होतो आणि दोघंही तिथे बसून एकटेच होतो. वय जुळून काय उजेड पडला!)

तुम्ही विचित्र काही करताय असंही मनात आणू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२५ मध्ये सांगितलं की जगात दर सहा माणसांमागे एक जण एकटेपणानं ग्रासलेला आहे, आणि हे म्हातारपणाचं दुखणं आहे हा तर मोठाच गैरसमज, तरुण पोरांमध्ये ते जास्तच निघालं. म्हणजे तुमच्या वरच्या मजल्यावर जे होतं ते काही नवल नव्हतं.

तरीपण मी तुम्हाला गुलाबी चित्र दाखवणार नाही, कारण वय हा नुसता आकडा असतो असं म्हणणारे लोक मला आवडत नाहीत. आकडाच आहे ना, मग बेरीज करा की. अर्धं वय अधिक सात हा जो नियम लोक तोंडावर फेकतात, त्यात तुम्ही तसे पास होता, २६ अधिक ७ म्हणजे ३३, तो ३५ चा. पण त्या नियमाला काही अर्थ नाही, जुन्या काळी तो पुरुषानं किती वयाची बायको करावी हे सांगायला वापरायचे. खरी बेरीज वेगळी. तुम्ही ७० च्या व्हाल तेव्हा तो ५३ चा, म्हणजे साधारण तुमच्या आजच्या वयाचा, कामाच्या ऐन भरात. तुम्ही ८० च्या तेव्हा तो ६३ चा. तुम्हाला उठवायला-बसवायला लागेल तेव्हा त्याची स्वतःची कंबर धरलेली असेल. चार्ली चॅप्लिननं १९४३ मध्ये ऊना ओ'नीलशी लग्न केलं तेव्हा तो ५४ चा आणि ती १८ ची (ह्यावर माझं मत विचारू नका, १८ आणि ३५ ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, तुमच्या केसमध्ये दोघंही जग बघितलेली माणसं आहात). लोकांनी काय काय म्हटलं, पण संसार टिकला, आठ मुलं झाली. तो १९७७ मध्ये ८८ व्या वर्षी गेला. तेव्हा ती ५२ ची होती, बरोब्बर आज तुम्ही आहात तेवढी, आणि पुढे जवळजवळ १४ वर्षं तिनं त्याच्याशिवाय काढली. तुम्ही त्या खुर्चीत आता बसलेल्या आहात, मागे राहणं म्हणजे काय हे तुम्हाला कुणी सांगायला नको. म्हणूनच कदाचित तुम्ही त्याला त्यातून वाचवायला बघताय. पण तुमच्या मिस्टरांनी लग्नाआधी तुम्हाला सांगितलं असतं की मी अमुक साली जाणार, तर तुम्ही नाही म्हणाला असतात का? मला उत्तर नकोय, तुमचं तुम्हीच बघा.

अजून एक गोष्ट सांगते, ही जरा कोरडी आहे पण उपयोगाची आहे. ऑस्ट्रेलियातल्या हजारो जोडप्यांची वर्षानुवर्षांची माहिती घेऊन केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये छापून आला होता. त्यात दिसलं की वयात जास्त अंतर असलेल्या जोडप्यात ज्याचा जोडीदार लहान तो सुरुवातीला जरा जास्तच खूश असतो, पण ही खुशी सहा ते दहा वर्षांत उतरते, आणि बरोबरीच्या वयाच्या जोडप्यांपेक्षा लवकर उतरते. अभ्यास करणाऱ्यांना एक कारण असं दिसलं की पैशाचा फटका बसला, नोकरी वगैरे गेली, की ही जोडपी जास्त हलतात. हे घाबरवायला सांगत नाहीये. तुमचं तर अजून दुसरं वर्ष चाललंय, खुशीचंच. पण हे आजच बोलून ठेवायचे विषय आहेत. तुमचा फ्लॅट कुणाच्या नावावर जाणार, तुमचं काही झालं तर दवाखान्यात कागदावर सही कुणाची चालेल, बऱ्याच ठिकाणी लग्न नसेल तर जोडीदाराला कायद्यानं काहीच स्थान नसतं, ते तुमच्याकडे कसं आहे हे एखाद्या वकिलाला गाठून विचारा आणि मृत्युपत्र करा. आणि पत्रात नाहीये पण मला विचारावंच लागेल, तुमच्यात पैशाची देवाणघेवाण आहे का? असेल तर किती, कुणाकडून कुणाकडे, आणि ती सुद्धा चोरून आहे का? नसेल तर उत्तम, विषय संपला. असेल तर मला परत लिहा, मग मी वेगळ्या सुरात बोलेन.

मुलाबाळांचं. इथे आडपडदा नको. ५२ व्या वर्षी स्वतःच्या शरीरातून मूल ही गोष्ट बहुतेक बायकांसाठी संपलेली असते, मार्ग आहेत, दत्तक आहे, पण त्याला वयाच्या अटी असतात आणि २६ वर्षांचा लेक मोठा करून झाल्यावर तुम्हालाच आता परत रात्रीची जागरणं हवीत का हा प्रश्न आहे. तुम्हाला नको असेल तर तसं स्पष्ट सांगा, त्याला बरं वाटावं म्हणून "बघू" म्हणू नका. आणि त्याला विचारा. अंधारात, झोपताना, सहज म्हणून नाही, दिवसाढवळ्या समोरासमोर बसून. पहिलं उत्तर "मला फक्त तू हवीस" असं येईल, ते प्रेमाचं असतं पण पूर्ण नसतं. महिन्याभरानं परत विचारा. तो जर म्हणाला की हो, मला मूल हवंय आणि त्याशिवाय माझं होणार नाही, तर मग तुम्हाला वेगळं व्हायला लागेल आणि ते खरं वेगळं होणं असेल, दोघांनी मिळून ठरवलेलं. आणि तो नको म्हणाला तर त्याचा शब्द धरा. उद्या बदललं तर उद्या बघू. बरोबरीच्या वयाच्या जोडप्यातही माणसं चाळिशीत मतं बदलतात, त्याची गॅरंटी कुणाकडेच नसते.

चिरंजीवांचं मला तुमच्याएवढं टेन्शन वाटत नाही खरं सांगायचं तर. ते चिडतील. त्यांच्यात आणि ह्याच्यात नऊच वर्षांचं अंतर, त्यांना ते विचित्र वाटणारच, आणि त्याच्या खाली वडिलांची जागा कुणीतरी घेतली हे दुखणं असेल, ते वयाच्या नावाखाली बाहेर येईल. येऊ द्या. फक्त रविवारच्या फोनवर सांगू नका, जाऊन सांगा, एकटीनं जा, त्याला बरोबर घेऊन जाऊ नका. परवानगी मागायच्या सुरात तर अजिबात नको, कारण परवानगी मागितली की समोरचा ती नाकारतो. "मी तुला एक गोष्ट सांगायला आलेय" एवढं पुरे. आणि मग चिरंजीव जे बोलतील ते ऐकून घ्या, लगेच उत्तर द्यायला जाऊ नका. कळल्यावर पहिले दोन-चार रविवार फोन आला नाही तर तुम्ही करा.

पण चिरंजीवांच्या आधी अजून एक. कुणीतरी एक तिसरं माणूस शोधा जिला तुम्ही तुमच्या दोघांबद्दल सांगू शकाल, जुनी मैत्रीण, बहीण, कोणीही. एकच. ती नाक मुरडेल कदाचित, मुरडू दे. आणि त्यालाही सांगा, त्याच्या बाजूनं एक माणूस. मग चौघांनी एकदा भेटा कुठेतरी. पहिल्यांदा फार अवघडल्यासारखं होईल, तुम्ही सारखा पदर नाहीतर केस सारखे करत बसाल, चालेल.

आणि फ्रेम? ती घेतली का शेवटी? पत्रात तुम्ही ते लिहिलंच नाही, म्हणजे मला वाटतं तशाच परत आलात. तर त्याच दुकानात परत जा, दोघं जा, बरोबरीनं चालत. दुकानदाराला काही सांगायची गरज नाही. एक फ्रेम घालून त्याच्याकडे वळा आणि विचारा कशी दिसतेय, आणि तो जी म्हणेल ती घ्या, तुम्हाला आवडली नाही तरी ह्यावेळी घ्या.

आणखी एक राहिलं. तुमच्या पत्रात त्या दोन दिवसांबद्दल एकच ओळ आहे, दोन दिवस खाली आला नाही. त्या दोन रात्री तुमचा टीव्ही चालू होता का बंद, ते मला कळवा. चालू असेल तर कशासाठी, नुसता आवाज हवा म्हणून, का वर ऐकू जावा म्हणून.